सरकार कोसळतं तेव्हा जर्मन रंगभूमी काय करते?

तिसरी घंटा

मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय, तेव्हा थोडं पाल्हाळ चालवून घ्या.

परवा माळा आवरताना जर्मन शिकत होते तेव्हाची वही हाती लागली. आमच्या बाईंनी एकदा फळ्यावर लिहिलेली एक ओळ त्यात होती: 'ग्लोट्स्ट निश्त झो रोमांटिश!' म्हणजे साधारण, असं भाबड्यासारखं डोळे फाडून बघत बसू नका. बाई म्हणाल्या होत्या, ही ओळ नाट्यगृहात प्रेक्षकांच्या डोक्यावर पाटी म्हणून टांगलेली होती. तेव्हा हसून सोडून दिलं होतं. आता वही घेऊन बसले आणि दोन रविवार त्यातच गेले.

२९ सप्टेंबर १९२२, म्युनिकचं कामरश्पीले. चोवीस वर्षांच्या नाटककार ब्रेख्तचं रंगमंचावर आलेलं हे पहिलं नाटक, नाव 'ट्रोमेल्न इन डेअर नाख्ट', म्हणजे रात्रीतले ढोल. युद्धावर गेलेला क्रागलर चार वर्षांनी परत येतो. सगळ्यांनी त्याला मेलाच धरलेलं. त्याच्या आनाचं लग्न युद्धात पैसा केलेल्या एका माणसाशी ठरलंय. बाहेर जानेवारी १९१९ चं बर्लिन, स्पार्टाकसवाल्यांचा (म्हणजे डाव्या क्रांतिकारकांचा) उठाव, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांच्या भागात गोळीबार. आता हा दुखावलेला गडी बंदूक उचलणार असं आपल्याला वाटतं. तो आनाला घेऊन घरी झोपायला जातो! वर जाताजाता बजावतो की हे साधं नाटक आहे, फळ्या आहेत आणि कागदाचा चंद्र आहे.

मला यातलं धाडस आज कळतं. प्रेक्षागृहात बसलेल्यांपैकी कित्येकांनी तसाच गोळीबार तीन वर्षांपूर्वी आपल्याच शहरात ऐकलेला. बर्लिनच्या उठावाचे पुढारी रोझा लुक्सेम्बुर्ग आणि कार्ल लीबक्नेख्त यांचे खून १५ जानेवारी १९१९ चे. म्युनिकमध्ये तर त्याच वर्षी सोव्हिएत धर्तीचं प्रजासत्ताक येऊन रक्तात बुडालं होतं. अशा लोकांना सांगायचं, की डोळे फाडून बघू नका.

आता धाग्याचा मुद्दा. १९१९ ते १९३३ या चौदा वर्षांत जर्मनीत वीसच्या आसपास मंत्रिमंडळं झाली. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत होते. आणि याच चौदा वर्षांत एर्न्स्ट टोलर तुरुंगात बसून नाटकं लिहितोय, दिग्दर्शक येसनर राज्य नाट्यगृहात राजवाड्याऐवजी नुसत्या पायऱ्या उभ्या करतोय, दिग्दर्शक एर्विन पिस्काटर रंगमंचावर सिनेमाचा पडदा आणतोय, ब्रेख्तचं एपिक थिएटर (प्रेक्षकाला गुंगवण्याऐवजी विचार करायला लावणारं) आकार घेतंय. आपण आजही प्रायोगिक म्हणून जे करतो, निवेदकानं प्रेक्षकांशी बोलणं, पाट्या, मध्येच गाणं, त्यातलं बरंचसं तिथल्या त्या धुमश्चक्रीत घडलेलं आहे.

पिस्काटरचा एक किस्सा सांगते आणि थांबते. १९२० साली त्यानं कामगारवस्तीतल्या सभागृहांत 'प्रोलेटारिशेस थिएटर' सुरू केलं. एका प्रयोगाला पडदा रंगवण्याचं काम जॉन हार्टफील्डकडे होतं (फोटो कापून चिकटवून पुढं हिटलरची पिसं काढणारा तोच). नाटक सुरू झालं तरी हा आला नाही. नट मोकळ्या जागेत खेळतायत, आणि हे महाशय मध्येच पडद्याची गुंडाळी बगलेत मारून प्रेक्षकांतून ओरडत आले, थांबा, माझा पडदा लावायचाय! भर प्रयोगात भांडण. पिस्काटरनं शेवटी प्रेक्षकांनाच विचारलं, पुढे चालू ठेवू की पडदा लावू? बहुमत पडद्याच्या बाजूनं पडलं. पडदा लागला आणि नाटक पहिल्यापासून सुरू झालं. पिस्काटर पुढं म्हणायचा, एपिक थिएटरचा जनक हार्टफील्डच.

माझं म्हणणं असं, की देशच डळमळीत असला की नाटकवाल्यांची भीड चेपते. पुढं १९६८ आहे, १९८९ आहे, आत्ताचं आहे. जाणकारांनी भर घालावी.

गंपूशेठ

या हिशेबानं पहाटेच्या शपथविधीपासून मराठी रंगभूमीचा सुवर्णकाळ सुरू व्हायला हवा होता. 😀

तिसरी घंटा

गंपूशेठ, धागा राजकारणाच्या विभागात हलवायला लावू नका.

नेपथ्यवाला

झकास किस्सा! आमच्या स्पर्धेच्या दिवसांत टेम्पो बंद पडून सेट उशिरा पोचलाय, पण तो पहिल्या अंकाच्या मध्यात आत आणायची छाती कोणाची झाली नाही. परीक्षकांनी बाहेर काढलं असतं.

पिस्काटर निघालाच आहे तर त्याच्या सेटबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ३ सप्टेंबर १९२७, बर्लिनला नोलेनडॉर्फप्लाट्झच्या नाट्यगृहात त्याचं स्वतःचं थिएटर उघडलं ते टोलरच्या 'होप्ला, विअर लेबन!' या नाटकानं. 'अरेच्चा, आपण जिवंत आहोत!' असं काहीसं. एक क्रांतिकारक आठ वर्षं वेड्यांच्या इस्पितळात काढून १९२७ मध्ये बाहेर येतो, तर त्याचा जुना सोबती मंत्री झालेला. सेट ट्राउगोट म्युलरचा. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, दोन्ही बाजूंना मजल्यावर मजले, खोल्याच खोल्या. एक खोली उजळली की हॉटेल, दुसरी उजळली की मंत्रालय, आणि मधल्या पडद्यावर फिल्म. इस्पितळातली आठ वर्षं एकही संवाद न म्हणता फिल्मवर धाडधाड निघून जातात. आज हे व्हिडिओ प्रोजेक्शन म्हणून कोणीही करतं. तेव्हा प्रोजेक्टर, फिल्म आणि नट यांचा मेळ हातानं घालायचा होता.

त्याहून माझा आवडता सेट १९२८ च्या श्वाइकचा. शिपाईगडी श्वाइक चालतच असतो, युद्धावर पोचत नाही. हे दाखवायला पिस्काटरनं रंगमंचावर दोन सरकते पट्टे बसवले, कारखान्यात असतात तसे. नट जागच्या जागी चालतोय, मागून सामान आणि माणसं सरकत येतायत, आणि पडद्यावर गेओर्ग ग्रोसची चित्रं. कागदावर फार सुरेख. पहिल्यांदा चालू केले तेव्हा इतका खडखडाट झाला की नटाचा आवाजच पोचेना, अख्खी इमारत हादरायला लागली. मग वंगण घाला, खालून काहीतरी भरा, हे करा, ते करा. पूर्ण गप्प ते कधी झालेच नाहीत. समीक्षक प्रतीकं शोधत बसतात, आम्हाला आधी तो आवाज ऐकू येतो.

मुद्देसूद

लेख आवडला, पण निष्कर्षाशी असहमत. क्रमानं लिहितो.

पहिली दुरुस्ती. टोलर ज्या धाटणीतून आला ते एक्स्प्रेशनिस्ट नाटक (मनातली खळबळ भडक रूपात मांडणारं) अस्थिरतेतून जन्मलं नाही. झोर्गेचं 'डेअर बेटलर' आणि गेओर्ग कायझरचं 'फॉन मॉर्गन्स बिस मिटरनाख्ट्स' ही दोन्ही १९१२ च्या सुमारास लिहिलेली, कैसर गादीवर घट्ट बसलेला असताना. ती खणात पडून होती म्हणा, किंवा तुरळक कुठं झाली. १९१८ नंतर ती धो-धो का सुरू झाली? १२ नोव्हेंबर १९१८ ला, म्हणजे कैसर गेल्यावर तीन दिवसांत, नव्या हंगामी सरकारनं फतवा काढला आणि त्यात नाटकाचं सेन्सॉर थेट रद्द केलं. नाटकं होतीच, दाराचं कुलूप निघालं.

दुसरं, आणि हे सहसा कोणी बोलत नाही. जर्मनी म्हणजे छोट्याछोट्या राजेरजवाड्यांचा देश होता. प्रत्येकाला आपलं दरबारी नाट्यगृह हवंच. आपल्याकडे संस्थानांत गवयी आणि तालमी पोसत तसं. राजे गेले, पण नाट्यगृहं पाडली नाहीत, ती सरकारांनी आणि महापालिकांनी ताब्यात घेतली. येसनरच्या ज्या पायऱ्यांबद्दल लिहिलंय त्या १९१९ साली 'विल्हेल्म टेल'साठी उभ्या राहिल्या त्या बर्लिनच्या कालपर्यंत राजाच्या असलेल्या नाट्यगृहात, आणि येसनर होता सरकारी नोकर. पहिल्या प्रयोगाला प्रेक्षागृहात हाणामारीची वेळ आली तरी त्याचा पगार चालू होता. आजही जर्मनीत सरकारी पैशावर चालणारी सुमारे १४० नाट्यगृहं आहेत, त्यातली कित्येक या वारशातली.

तिसरं, पिस्काटर. 'होप्ला'च्या पहिल्या प्रयोगाला वरच्या स्वस्त जागांवर बसलेल्या कामगार पोरांनी शेवटी 'इंटरनॅशनल' हे कामगार चळवळीचं गाणं गायला सुरुवात केली, सगळे उभे राहिले वगैरे. पण हे थिएटर उभं कोणाच्या पैशावर राहिलं? लुडविग काट्झेनेलेनबोगेन नावाच्या बिअरसम्राटाच्या. टिला ड्यूरिओ या नटीची त्याच्याशी ओळख म्हणून हे जमलं. आणि पहिलाच हंगाम संपतासंपता थिएटर दिवाळखोरीत गेलं.

थोडक्यात, गोंधळ देशात होता. नाट्यगृहात दिवे, पगार आणि सुतार होते.

तिसरी घंटा

मुद्देसूद, बिअरवाल्याचं माहीत नव्हतं. 🙏 पण सेन्सॉर तरी कशामुळे गेलं? क्रांती झाली म्हणूनच ना? तुम्ही माझाच मुद्दा वेगळ्या दारानं आत आणताय.

मुद्देसूद

नाही. तुमचा मुद्दा 'डळमळीत असलं की भीड चेपते' असा आहे. तर मग याचं उत्तर द्या. वायमार प्रजासत्ताकाची, म्हणजे १९१९ ते १९३३ ची, चौदा वर्षं आणि वीस मंत्रिमंडळं. १९४९ ते १९६३, पुन्हा बरोबर चौदा वर्षं, आणि एकच चॅन्सेलर, आडेनाउअर. पश्चिम जर्मनी तेव्हा इतकी स्थिर होती की कंटाळा यावा. कारखाने, फ्रिज, फोक्सवागन. आणि त्याच स्थिरतेच्या पोटातून १९६३ ला डॉक्युमेंटरी थिएटर (खऱ्या कागदपत्रांवरून उभं केलेलं नाटक) निघालं, जे माझ्या मते ब्रेख्तनंतरचं जर्मन रंगभूमीचं सगळ्यात मोठं वळण आहे. ते कुठल्या अस्थिरतेत बसवणार?

नेपथ्यवाला

आता आली का पंचाईत!

तिसरी घंटा

रात्रभर विचार केला, खरंच.

तुम्ही म्हणता ते वळण घडवणारा माणूसही पिस्काटरच होता, हे मला जास्त बोलकं वाटतं. अमेरिकेतून १९५१ ला परत आला. ज्यानं सगळं शोधलं त्याला अकरा वर्षं स्वतःचं नाट्यगृह मिळालं नाही, गावोगाव पाहुणा दिग्दर्शक म्हणून फिरला. १९६२ ला पश्चिम बर्लिनच्या फ्राय फोल्क्सब्यूनंचं प्रमुखपद मिळालं तेव्हा साठी कधीच ओलांडलेली होती. २० फेब्रुवारी १९६३ ला त्यानं रोल्फ होखहूट या नवख्याचं 'डेअर श्टेलफरट्रेटर' लावलं. पोप बारावे पायस ज्यूंच्या कत्तलीबद्दल गप्प का बसले, असा थेट सवाल. मग १९६४ ला किपहार्टचं, अणुबॉम्बवाल्या ओपनहायमरच्या चौकशीवरचं. आणि १९ ऑक्टोबर १९६५ ला पीटर वाइसचं 'डी एरमिटलुंग', म्हणजे तपास.

यावर थांबते, कारण मी हे मूळ जर्मनमधून वाचलंय, रडतखडत. फ्रांकफुर्टला आउशविट्झचा खटला डिसेंबर १९६३ ते ऑगस्ट १९६५ चालला. वाइस स्वतः जाऊन बसायचा. त्यानं साक्षी घेतल्या आणि कापून मुक्तछंदासारख्या ओळींत लावल्या. विरामचिन्हं नाहीत. साक्षीदारांना नावं नाहीत, नुसते आकडे, साक्षीदार १, साक्षीदार २. आरोपींना मात्र त्यांची खरी नावं. रॅम्पपासून (कैदी गाडीतून उतरवायचा फलाट) सुरू होऊन भट्ट्यांपर्यंत अकरा 'गाणी' आहेत. संबंध नाटकात ज्यू हा शब्द नाही. निकालाला जेमतेम दोन महिने झालेले, आणि पूर्व-पश्चिम दोन्ही जर्मनीतल्या डझनभर नाट्यगृहांत ते एकाच रात्री झालं. मध्ये भिंत उभी असताना!

तर उत्तर असं देते. वरून स्थिर होतं, पण तळघर भरलेलं होतं. कोणी बोलत नव्हतं. आरोपींपैकी कोणी खटल्याआधी औषधाचं दुकान चालवत होता, कोणी हिशेबनीस होता. माझा 'अस्थिर' शब्द चुकला असेल. सरकार पडण्याशी संबंध कमी, आणि जे सगळ्यांना माहीत आहे पण छापून येत नाही त्याच्याशी जास्त. ते साठलं की नाटकवाले नाटक लिहायच्या फंदातच पडत नाहीत, कोर्टाचे कागद तसेच उचलून आणतात. पिस्काटरनं १९२५ ला 'ट्रोट्झ आलेडेम!'मध्ये महायुद्धाची सरकारी दप्तरातली खरी फिल्म दाखवली तेव्हा तेच केलं होतं.

गंपूशेठ

चेष्टा सोडून, हे आवडलं. मला ब्रेख्त म्हणजे 'तीन पैशाचा तमाशा' एवढंच ठाऊक. पु.ल. + जब्बार पटेल, बस्स.

अवांतर: पुण्यात लहानपणी 'ग्रिप्स'ची नाटकं बघायचो, मोठी माणसं लहान मुलांची कामं करायची ती. तेही जर्मनच ना?

तिसरी घंटा

होय, आणि ते अजिबात अवांतर नाही. पश्चिम बर्लिनला राइख्सकाबारेट नावाचं डाव्या पोरांचं राजकीय कॅबरे होतं. फोल्कर लुडविग आणि मंडळींनी १९६६ पासून त्यातून मुलांसाठी नाटकं सुरू केली. पऱ्या नाहीत, राजकन्या नाहीत. घरमालक, मारकुटे बाप, पोरांना खेळायला नसलेली जागा. १९६८ च्या विद्यार्थी चळवळीची हवा थेट त्यात. १९७२ पासून नाव ग्रिप्स, म्हणजे डोकं, अक्कल या अर्थी. सत्तरच्या दशकात तिथल्या ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांनी 'पोरांना कम्युनिस्ट करतायत' म्हणून मोठा गदारोळ केला होता. मोहन आगाशे आणि वोल्फगांग कोलनेडर यांनी ते १९८६ च्या सुमारास पुण्यात आणलं, श्रीरंग गोडबोल्यांचं 'छान छोटे वाईट्ट मोठे' त्यातलं सुरुवातीचं. तुम्ही लहानपणी १९६८ बघून आलायत, गंपूशेठ.

गंपूशेठ

आई म्हणायचीच, ती नाटकं बघून आल्यावर पोरगं उलट बोलतं.

श्प्रेकाठची

धागा आज दिसला. मी बर्लिनला आहे, अकरा वर्षं झाली. नाटकातली जाणकार नाही, पण दर महिन्याला एक तरी बघते. १९८९ वर कोणीच आलं नाही म्हणून लिहिते, कारण तिथं तिसरी घंटाताईंचा मुद्दा खरा ठरतो आणि लगेच उलटाही होतो.

पूर्व जर्मनीत वर्तमानपत्रांत काही नसायचं, म्हणून लोक नाटकाला जायचे. जुन्या जर्मन नाटककार शिलरच्या नाटकात कोणी विचारस्वातंत्र्याबद्दल एक ओळ म्हटली की टाळ्या, कारण सगळ्यांना कळायचं रोख कुठं आहे. त्याची किंमतही मोजावी लागायची. भिंत उभी राहून सात आठवडे होतात न होतात तोच, ३० सप्टेंबर १९६१ ला, नाटककार हायनर म्युलरचं 'डी उमझीडलरिन' विद्यार्थ्यांनी केलं. एका प्रयोगात बंद. म्युलरला लेखक संघातून काढलं, दिग्दर्शक ट्रागेलेनला कोळशाच्या खाणीवर पाठवलं.

आता ऑक्टोबर १९८९. प्रागहून पूर्व जर्मन निर्वासितांच्या गाड्या ड्रेस्डेनवरून पश्चिमेकडे सोडल्या, स्टेशनवर लोक गाडीत घुसायला धावले, पोलिसांनी झोडपलं. ६ ऑक्टोबरला तिथल्या सरकारी नाट्यगृहात प्रयोग संपल्यावर नट पुन्हा रंगमंचावर आले, पोशाख तेच, आणि एक निवेदन वाचलं. पहिलं वाक्य: 'आम्ही आमच्या भूमिकांमधून बाहेर येत आहोत.' मग रोज, प्रत्येक प्रयोगानंतर. १५ ऑक्टोबरला बर्लिनच्या डॉइचेस थिएटरमध्ये देशभरचे नाटकवाले जमले आणि मोर्चाची रीतसर परवानगी मागायचं ठरलं. त्यातून ४ नोव्हेंबरचा आलेक्झांडरप्लाट्झचा मोर्चा. लाखो लोक. परवानगी काढली ती नटांनी आणि तंत्रज्ञांनी! पाच दिवसांनी भिंत उघडली.

म्युलरही तिथं बोलला. स्वतःचं काही न म्हणता त्यानं स्वतंत्र कामगार संघटना काढण्याचं कोणीतरी दिलेलं पत्रक वाचलं, आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. तो त्या वेळी डॉइचेस थिएटरमध्येच हॅम्लेट बसवत होता. तालमी ऑगस्टअखेर सुरू झाल्या होत्या. त्या तालमींवरचा माहितीपट मी पाहिलाय. नट सकाळी मोर्च्याच्या बैठकीला, दुपारी तालमीला. हॅम्लेट होता उलरिश म्यूअ (नंतर ऑस्कर मिळालेल्या स्टासी या पूर्व जर्मन गुप्त पोलिसांवरच्या सिनेमातला अधिकारी, तोच). शेक्सपिअरचं अख्खं हॅम्लेट आणि मध्ये म्युलरचं स्वतःचं 'हॅम्लेटमशीन', असं सगळं मिळून जवळजवळ आठ तास. एरिश वोंडरचं नेपथ्य म्हणजे गोठलेला ठोकळा, तो नाटकभर वितळत जातो. नेपथ्यवाले, तुमच्यासाठी: पाणी खरं टपकायचं.

पण पडदा वर गेला २४ मार्च १९९० ला. १८ मार्चला निवडणूक होऊन लोकांनी झटपट एकीकरणाच्या बाजूनं कौल दिलेला. एका देशात तालीम सुरू केली आणि दुसऱ्याच देशात प्रयोग केला म्हणा. माझ्या ऑफिसात पूर्व बर्लिनचा एक साठीचा सहकारी आहे. त्यानं ते तेव्हा पाहिलेलं. मी हौसेनं विचारलं तर म्हणाला, दुसऱ्या मध्यंतरात निघून गेलो, त्या महिन्यात आठ तास कोणाला होते, पासपोर्ट, नोकरी, पश्चिमेतला मामा. आधी वर्षातून पंधरा नाटकं बघायचास ना, असं विचारलं, तर म्हणाला, तेव्हा पेपर वाचण्यासारखा नव्हता.

मुद्देसूद

हा खरा मुद्दा. १९८९ ला अस्थिरता शिखरावर आणि प्रेक्षागृहं रिकामी. नाटकानं केलेली मागणी मान्य झाली आणि नाटकाची गरज संपली. एकीकरणानंतर पैसाही आटला. पश्चिम बर्लिनचं शिलर थिएटर १९९३ ला सिनेटनं, म्हणजे शहराच्या सरकारनं, सरळ बंदच करून टाकलं.

श्प्रेकाठची

आणि त्याच सुमारास पूर्वेकडचं फोल्क्सब्यून मेल्यात जमा होतं, ते १९९२ ला दिग्दर्शक फ्रांक कास्टोर्फकडे दिलं. इवान नागेल या समीक्षकानं सरकारला अहवाल दिला होता, तरुण मंडळींना द्या, तिसऱ्या हंगामापर्यंत एकतर नाव काढतील नाहीतर मरतील. कास्टोर्फ आणि नेपथ्यकार बेर्ट नॉयमान यांनी छतावर मोठ्ठी अक्षरं लावली: ओस्ट. पूर्व! सगळा देश पश्चिम व्हायला धावत असताना. प्रयोग पाच-पाच, सहा-सहा तास, बटाट्याची कोशिंबीर रंगमंचावर उडायची, नट सेटच्या आत जाऊन बसायचे आणि कॅमेऱ्यातून पडद्यावर दिसायचे. मी शेवटची दोन वर्षं पाहिली. निम्मं कळलं नाही, कंबर धरली, तरी परत जायचे. मुद्देसूद, ही इमारत मुळात कामगारांनी वर्गणी काढून बांधलेली, १९१४ ची. तुमच्या यादीत बिअरवाल्याशेजारी हेही लिहा.

तिथंच दिग्दर्शक श्लिंगेनझीफनं १९९८ ला 'चान्स २०००' नावाचा खराखुरा पक्ष काढला. कोल सोळा वर्षं चॅन्सेलर होते, बेकार चाळीस लाखांच्या वर. त्यानं आवाहन केलं की सगळ्या बेकारांनी ऑस्ट्रियातल्या वोल्फगांगझेच्या तळ्यात एकदम उतरावं, पाणी चढून कोल यांचं सुट्टीचं घर बुडेल. आले काही शेच, त्यातही पत्रकारच खूप. पाणी काही चढलं नाही.

नेपथ्यवाला

आर्किमिडीजचं राजकीय नाटक. 😂

तिसरी घंटा

सोळा वर्षं तोच चॅन्सेलर, आणि नाटक असं. मुद्देसूद, तुम्हाला आणखी एक गुण. मी धाग्याचं शीर्षक बदलू का?

आणि श्प्रेकाठची, आत्ताचं सांगा ना. नोव्हेंबर २०२४ ला सरकार पडलं, फेब्रुवारी २०२५ ला निवडणूक, एएफडी या कडव्या उजव्या पक्षाला २०.८ टक्के. तिथं बसून काय दिसतं?

श्प्रेकाठची

जे दिसतं ते एका ओळीत बसत नाही.

पहिलं म्हणजे बर्लिनचं गॉर्की नाट्यगृह. शर्मिन लांगहोफनी २००८ ला क्रॉइत्सबेर्गमध्ये बालहाउस नाउनिनश्ट्रासं चालवायला घेतलं आणि 'पोस्टमिग्रांटिश' हा शब्द रुजवला. म्हणजे स्थलांतर करून आलेल्यांची नव्हे, त्यांच्या इथंच वाढलेल्या मुलानातवांची रंगभूमी. २०१० चं 'फेर्र्युक्टेस ब्लूट' बघा: तुर्की-अरब पोरांच्या दंगेखोर वर्गात एकाच्या दप्तरातून पिस्तूल पडतं, बाई ते उचलतात आणि पिस्तूल रोखून पोरांकडून शिलर वाचून घेतात, उच्चार शुद्ध हवेत! त्याच वर्षी मुसलमान जर्मनीचं वाटोळं करतायत अशा आशयाचं एक पुस्तक इथं लाखांनी खपत होतं. २०१३ मध्ये लांगहोफ गॉर्कीच्या प्रमुख झाल्या. मला, बाहेरून आलेलीला, तिथं पहिल्यांदा वाटलं की प्रेक्षागृहात माझ्यासारखे दिसणारे लोक आहेत.

दुसरं, जानेवारी २०२४. कोरेक्टिव या शोधपत्रकारांच्या गटानं १० तारखेला बातमी दिली की आदल्या नोव्हेंबरात पोट्सडामजवळच्या एका हॉटेलात एएफडीचे काही लोक आणि इतर उजवे जमून परदेशी वंशाच्या लोकांना बाहेर काढण्याच्या योजनेवर बोलले. १७ तारखेला तीच बातमी बर्लिनर आन्सांबलच्या रंगमंचावर नटांनी वाचून दाखवली, दिग्दर्शन काइ फोगेसचं. सात दिवसांत! म्हणजे ब्रेख्तनं काढलेल्या संस्थेच्या घरात. तिकिटं कधीच संपलेली, मी घरी सोफ्यावर लॅपटॉपवर थेट प्रक्षेपण बघितलं. नवरा म्हणाला, यात 'परदेशी वंशाचे नागरिक' म्हणजे आपली पोरगी. त्या शनिवार-रविवारी लाखो लोक रस्त्यावर होते, आम्हीही गेलो. नाटक म्हणून ते फार बरं नव्हतं, खरं सांगते. मध्येच विनोद पेरलेले, ते नको होते. बातमीतल्या काही वाक्यांवरून पुढं कोर्टकज्जेही झाले.

मुद्देसूद

आणि म्हणून विचारतो, ते नाटक होतं की पत्रकार परिषद?

तिसरी घंटा

हाच प्रश्न १९६५ ला 'डी एरमिटलुंग'लाही विचारला होता लोकांनी. पण वाइसनं दीड वर्ष साक्षी घासल्या. सात दिवसांत घासायला वेळ नसतो. मला तिथं शंका आहे.

श्प्रेकाठची

शंका बरोबर. तिसरी गोष्ट राहिली, मुद्देसूद यांना आवडेल. सरकार पडलं त्याच महिन्यात बर्लिन राज्यानं संस्कृतीचं २०२५ चं बजेट १३ कोटी युरोंनी कापायचं ठरवलं, म्हणजे साधारण १२ टक्के. मोठी नाट्यगृहं कशीबशी तगतील. जी नवी माणसं नवं काही करतात ती बहुतेक छोट्या जागांत, सहा महिन्यांच्या अनुदानावर. आमच्या घराजवळ अशी एक जागा आहे, पन्नास खुर्च्यांची. परवा गेले तर प्रयोगाआधी दिग्दर्शिकाच कोट घेऊन टोकन देत होती, कारण क्लोकरूमचा माणूस परवडत नाही.

गंपूशेठ

आपल्याकडे ते आधीपासूनच चालतं. दिग्दर्शक चहा पण आणतो.

नेपथ्यवाला

आणि खिळे पण तोच ठोकतो, वाकडे.

श्प्रेकाठचीताई, एप्रिलमध्ये कामानिमित्त बर्लिनला येतोय, चार दिवस. जर्मन शून्य. काय बघू? आणि जमलं तर एखाद्या नाट्यगृहाचं मागचं अंग बघायला मिळतं का हो?

श्प्रेकाठची

गॉर्कीला जा, तिथं प्रयोगांना वर इंग्रजी ओळी दाखवतात. तिकिटं संपली असली तरी प्रयोगाच्या तासभर आधी खिडकीशी उभे राहा, परत आलेली मिळतात, मी अशीच बघते. मागचं अंग बघण्याबद्दल विचारून ठेवते. तारखा व्यक्तिगत निरोपानं कळवा. आणि येताना पुण्याहून भाजणी आणाल का, अर्धा किलो?

नेपथ्यवाला

एक किलो आणतो. सरकते पट्टे कुठं जपून ठेवले असतील तर तेवढं विचारा.